तीन नंबर अजून वर आहे

२ फेब्रुवारी

पोचले. हातपाय शाबूत आहेत.

विमान कसलं, उडता टेम्पो. बसायच्या पट्ट्या भिंतीला लावलेल्या, मध्ये बटाट्यांची पोती, पिठाचे डबे आणि कोणाचं तरी शिवणयंत्र. शेजारचा शिपाई सगळी वाट डोळे घट्ट मिटून बसला होता. मी म्हटलं, अरे नौदलातला गडी ना तू, घाबरतोस काय? तर म्हणतो, आजी, मी पाण्यातला, हवेतला नाही. मी म्हटलं, मग तर काळजीच नको, पडलो तरी पाण्यातच पडू. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

बेट म्हणजे समुद्रात पालथी घातलेली परात. एक टेकडी, टेकडीआड एक धावपट्टी, एक टॉवर, एक दुकान. वारा मात्र पोटभर. लेक आणि जावई न्यायला आले होते. माझी नात भिंगरी, दोन वर्षांची, मला बघून आधी रडली आणि मग माझी पिशवी उपसायला बसली. माझ्यावर गेली आहे.

लेक इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिची रजा संपली, म्हणून पोरीला सांभाळायला मी. वहीही तिनेच दिली. म्हणाली, आई, इथे भांडायला कोणी नाही, तर रोज लिहीत जा, तेवढंच पोटातलं बाहेर पडेल. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायांचं. पण लिहीन.

जावई बरा आहे. हसरा, ताटात टाकत नाही. पूर्वी विमानात रेडिओवर बसायचा. कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी उडणं बंद केलं. आता कचेरीत असतो म्हणाला. बरं झालं. माणसाने जमिनीवर असावं.

५ फेब्रुवारी

घर दोन खोल्यांचं, भिंती सरकारी हिरव्या. खिळा ठोकायचा तर अर्ज करा म्हणे. खाऱ्या हवेने कुलपं गंजतात, मिठाचा दगड होतो, कपडे वाळतात पण पापडासारखे कडक. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे बंबाची शेड आहे. विमान पेटलं तर विझवायचा तो मोठा लाल बंब. शेडला एक भोंगा लावलाय, त्यावर टॉवर आणि विमानं काय बोलतात ते दिवसभर चालू असतं, म्हणजे बंबवाल्यांना कळावं. त्यांना कळतं आणि मलाही कळतं. भाजी निवडताना करमणूक.

जेवताना मी जावयाला विचारलं, एवढ्याशा खडकावर एवढा पसारा कशाला? त्याने माझं ताट सरकवून नकाशाच मांडला. तांब्या म्हणजे एक देश, वाटी म्हणजे दुसरा, मधल्या फटीतून जगातली निम्मी मोठी जहाजं जातात, आणि फटीच्या तोंडाशी हा मिठाचा खडा म्हणजे आपण. इथून विमान उठतं, पाण्यावर घिरट्या घालतं, ऐकणारे डबे पाण्यात सोडतं. खालून पाणबुडी गेली की डब्यांना ऐकू येतं. हे बेट ज्याच्या हातात, त्याला न विचारता त्या दारातून मासासुद्धा जात नाही.

मी म्हटलं, कळलं. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेली म्हातारी. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय. लेकीला ठसका लागला. जावई म्हणाला, आई, साहेबांना हे समजावायला तासभर लागतो. फक्त एक आहे, म्हणाला, ही म्हातारी उठून आत गेली असं कोणाला कळता कामा नये. आभाळ रिकामं आहे हे कळलं की चोर शिरलाच.

१० फेब्रुवारी

भोंग्यावरची बोली आता समजायला लागली. टॉवरवर दुपारी एक पोरगी असते, आवाज गोड पण चुकलं की झापते. यांची एक रीत आहे. एकाने काही सांगितलं की दुसऱ्याने तेच पुन्हा म्हणून दाखवायचं, आणि पहिल्याने बरोबर म्हणायचं. मग ते पक्कं. तोवर कोणी चाक हलवत नाही. घराघरात ही रीत असती तर निम्मी भांडणं वाचली असती.

पण एक गोष्ट खटकते. एक नंबरचं विमान उठतं तेव्हा भांडी थरथरतात. दोन नंबर दुरुस्तीला उघडून ठेवलंय, ते जाता-येता दिसतं. जेवणं झाली की तीन नंबर उठतं. म्हणजे भोंग्यावर उठतं. भांडं हलत नाही. दुपार कलल्यावर तीन नंबर उतरतो म्हणतं, पोरगी ये म्हणते, आणि बंब शेडमधून निघून धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहतो, बंब जागेवर असं कळवतो आणि परत येतो. कोणीही उतरत नाही.

मी बंबवाल्याला धरलं. मोठा माणूस, मिशी त्याहून मोठी. म्हणाला, वाऱ्याने आवाज जातो, आजी. मी म्हटलं, आवाज जातो, आणि विमान काय खिशात घालतोस? मिशी चावत आत गेला.

आणि त्याहून वाईट ते वेगळंच. तीन नंबरमधून बोलतो तो आवाज माझ्या जावयाचा आहे.

१२ फेब्रुवारी

मला वाटलं, हा डॉक्टरांना फसवून उडतोय. लेक दवाखान्यात होती, तेव्हा त्याला समोर बसवून सरळ विचारलं. आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने सगळं सांगितलं.

तीन नंबर गेल्या वर्षीच समुद्रात पडलं. चौघे होते, एकही मिळाला नाही. पाचवी खुर्ची याची. त्याच आठवड्यात कान फुटला म्हणून हा दवाखान्यात पडून होता, आणि ते खुर्ची रिकामी ठेवून गेले. नवीन विमान यायला वेळ. तोवर रोज दुपारी आभाळ रिकामं. आणि बाहेर समुद्रात एक मासेमारीची बोट कायम उभी असते, जिच्यावर जाळी कमी आणि तारा जास्त. टेकडीमुळे तिला धावपट्टी दिसत नाही, पण बोलणं सगळं ऐकू जातं. म्हणून साहेबांनी ठरवलं, तीन नंबर पडलंच नाही. बेटाच्या टोकाला एका खोलीत दुसरा रेडिओ ठेवला. हा तिथे खुर्चीवर बसून उडतो. उठतो, वळतो, डबे सोडतो, उतरतो. बंब खरा जातो, कारण अर्धवट खोटं लगेच पकडलं जातं.

मी म्हटलं, कचेरीत बसून काहीच न करणारे पुष्कळ पाहिले, बसून उडणारा तू पहिलाच. तो हसला नाही. म्हणाला, आई, एक नियम आहे. उतरल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

मी विचारलं, मेलेल्यांच्या नावाने रोज बोलतोस, तुला काही वाटत नाही? म्हणाला, त्यांची बोलायची ढब मलाच येते.

१९ फेब्रुवारी

आज सगळं बेट धावलं. एक नंबरचं एक चाक बाहेर येईना. डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. टॉवरवरची पोरगी थंड आवाजात बोलत होती, पण मध्येच एकदा तिचा आवाज फाटला. बंबवाले निघाले, लेक दवाखान्याची गाडी घेऊन निघाली, कचेऱ्या रिकाम्या झाल्या. मी भिंगरीला काखोटीला मारून कुंपणापाशी. पोटावर घसरलं, ठिणग्या उडाल्या, बंबाने साबणाच्या पाण्यासारखा फेस मारला, आणि आतले सगळे चालत बाहेर आले. जावई कुठून धावत आला कोण जाणे, एकेकाला मिठ्या मारत होता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी सगळ्यांना चहा केला, बंबवाल्यांना दोनदा.

चांगला दिवस. भिंगरी फेस फेस करत झोपली.

२० फेब्रुवारी

कालच्या गडबडीत एक गोष्ट राहिली. जावई धावत आला तो टोकाच्या खोलीतून. तीन नंबर वर सोडून. त्याला कोणी उतरवलंच नाही.

आज दुपारी हा खुर्चीवर जाऊन बसला आणि उठतो म्हणाला, तर पोरगी म्हणाली, कसा उठशील, तू कालपासून वरच आहेस. भोंग्यावर दोघं हसली. मीही हसले. मग पोरगी म्हणाली, आधी उतर बाबा, आणि रीतीप्रमाणे तीन नंबरला उतरायला सांगितलं.

भोंग्यावर जावयाचा आवाज आला. नाही म्हणाला. गस्त संपलेली नाही.

मला वाटलं, चावटपणा करतोय. घरी आला तो चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, आई, मी तोंड उघडलं नव्हतं. माइक टेबलावर होता.

२३ फेब्रुवारी

तीन नंबर आता दिवसभर बोलतं. जावई खोलीत असो नसो. काल तो माझ्यासमोर कांदा चिरत होता आणि भोंग्यावर त्याचाच आवाज जहाजं मोजत होता. सुरी हातात तशीच राहिली.

आणि सांगतं ते खरं निघतं. कुठल्या जागी पाणबुडी आहे म्हणालं, साहेबांनी तिकडे एक बोट पाठवली, तर होती. साहेब खूश. बंबवाला सांगत होता, साहेब म्हणाले, तेल नको, दुरुस्ती नको, झोप नको, असा डोळा कोणत्या बेटाकडे आहे? त्यांनी वरिष्ठांना काहीही कळवलेलं नाही. टॉवरला ताकीद दिली, तीन नंबरला कोणी उतरायला सांगायचं नाही.

एक नंबर मोडलेलं, दोन नंबर उघडलेलं. दारावर राखण आता फक्त त्याची.

मी लेकीला म्हटलं, नवऱ्याला घेऊन मुलखाला परत चल. ती म्हणाली, बदली मागितली, साहेबांनी नाकारली. तो इथे असला तरच आवाज येतो, म्हणाले.

२५ फेब्रुवारी

जावयाच्या शर्टाची कॉलर ओली असते. पिळली तर खारं पाणी. तो समुद्राकडे फिरकतसुद्धा नाही.

जेवत नाही. भिंगरी त्याच्या मांडीवर बसते आणि लगेच उतरते. गार आहे, म्हणते. तो बोलला की ती त्याच्याकडे बघत नाही, छताकडे बघते.

लेकीने नाडी पाहिली. मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी होती. रडू नको म्हटलं, रडून कोणाला कधी काय मिळालंय?

२६ फेब्रुवारी

सकाळचा चहा. तो समोर बसला होता. त्याचे ओठ हलले. आवाज नाही. आणि मागच्या शेडमधून भोंग्यावर आलं, आई, चहात साखर कमी आहे.

हातातली कपबशी फुटली.

तो माझ्याकडे बघत होता. ओठ पुन्हा हलले. भोंगा म्हणाला, आई, इथे फार गार आहे. सगळे आहेत, पण कोणी बोलत नाही.

शेडमध्ये बंबवाल्यांच्या गप्पा बंद झाल्या.

२७ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. खुर्ची दिली, पाणी दिलं, आई आई केलं. भिंतीवर मोठा नकाशा, त्यात आपलं बेट माशीच्या टिंबाएवढं. काठीने दाखवत होते, इथून तेल जातं, इथून धान्य, इथे आपण नसलो तर किती घरांतली चूल विझेल. मी म्हटलं, तुमचं दार तुम्हाला लखलाभ, माझ्या लेकीचा नवरा खाली द्या. ते म्हणाले, तो तर घरीच आहे. मी म्हटलं, घरी आहे ते त्याचं सालपट आहे.

साहेबांचा चेहरा जरा हलला. मग म्हणाले, नवीन विमान येईपर्यंत. विचारलं, कधी येणार? काठी जागेवर ठेवून दिली.

बाहेर बंबवाला उभा होता. ऐकलं असावं. म्हणाला, आजी, बंबातही माइक आहे. टॉवरवर दुपारी पोरगी असते. ती ये म्हणेल. मी तिच्याशी बोललो. नोकरी गेली तर गेली, म्हणते.

२८ फेब्रुवारी

थोडक्यात लिहिते.

दुपारी बंबात चढले. बंबवाल्याने हाताला धरून वर ओढलं. पांढरं ऊन, धावपट्टीवर चिटपाखरू नाही. कडेला उभे राहिलो. तो म्हणाला, बंब जागेवर. पोरगी म्हणाली, तीन नंबर, उतर.

बंबातल्या रेडिओवर आधी नुसता वारा. मग जावयाचा आवाज, पण त्याच्यामागे आणखी आवाज, घशात पाणी असल्यासारखे. खुर्ची रिकामी ठेवून उतरता येत नाही, म्हणाले. एकदा ठेवली होती. ऐकणारं कोणीतरी लागतं.

माझं डोकं फिरलं. बंबवाल्याच्या हातातला माइक ओढून घेतला. म्हटलं, मेल्यांनो, त्याला बायको आहे, लेकरू आहे. त्याला आधी खाली टाका. ऐकायलाच माणूस हवं असेल तर मी बसते, माझे कान शाबूत आहेत.

खरखर. मग सगळे मिळून, सावकाश — जावई खाली. आजी वर.

बंबवाला माझा हात धरायला गेला. पण इतके दिवस ऐकून ऐकून जिभेला वळण पडलेलं. मी म्हटलं —

बरोबर.

मग चाकांचा आवाज आला. चाकं नाहीत. धावपट्टीवर ओली रेघ उमटत आली, आमच्यासमोरून गेली, थांबली नाही. टेकलं आणि पुन्हा उठलं. बंबाच्या काचेवर पाण्याचे शिंतोडे. जिभेला लावले. खारे.

१ मार्च

जावई जेवला. तिसऱ्यांदा भात मागितला. आवाज त्याच्या तोंडातून येतो. भिंगरी त्याच्या मांडीवर झोपली. लेक हसते आणि डोळे पुसते, पुसते आणि हसते. पुरे कर म्हटलं तिला.

तिने ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. तिघांपैकी कोणीच मान वर केली नाही —

शेडमधून आलं, पुरे कर.

जावयाने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मी मान हलवली, लेकीला सांगू नको म्हणून.

१ मार्च, दुपार

बंबवाला खिडकीशी आला. नजर वर करत नाही. साहेब खूश आहेत म्हणाला. तीन नंबर बोलतंय. आवाज बदललाय, पण नजर पहिल्याहून तेज.

बरं झालं. माझे दिवस असे किती उरलेत. त्याचं सगळं पुढे होतं. हिशेब सोपा आहे.

पदर ओला आहे. पिळला तरी —

२ मार्च

चव नाही. भूक नाही. कानात पाणी, पाण्यात पंखे. दूरवर जहाजांची इंजिनं, प्रत्येकाचं वेगळं. एक खोकतंय. एकाच्या पोटात लोखंड —

हे चौघे वाईट नाहीत. तरणी पोरं. एकाने मला कांबळं दिलं. ओलंच आहे. बोलत नाहीत. मी विचारलं, घरी कोण आहे तुमच्या — पुढे बघतात नुसते.

भिंगरीचा आवाज इथवर येतो. आजी म्हणते. तिथे कोणाला म्हणते?

खाली बेट. टेकडी. पत्र्याची छपरं. आमची खिडकी. स्वयंपाकघरात टेबलाशी एक म्हातारी बसली आहे, मान खाली, लिहिते आहे. अक्षर कोंबडीच्या पायांचं. ती लिहिते आहे तोवर मी थोडी तिथे आहे, बोटांपुरती —

दवाखान्यातून लेक आली. फाटक उघडलं. आत येऊन ती आई म्हणून हाक मारणार आणि म्हातारी हातातलं टाकून उठणार, जन्मभराची खोड —

उठू नको गं बाई. ऐकू नको तिचं. लिहीत राहा. काहीही लिही, तिचं नाव लिही, एकदा का पेन खाली ठेवलंस की मी